शेड ते यार्ड: एकटं इंजिन कसं हलवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात रेल्वेत नोकरी केलेलं कुणी ना कुणी घरात किंवा शेजारी सापडतंच. त्यामुळे भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, धुळे, अमळनेर अशा गावांतून हे प्रश्न सारखे येत राहतात. गाडी कशी चालते हे बहुतेकांना ठाऊक असतं. गाडी नसताना इंजिन कसं हलतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. शेड आणि यार्ड यांच्यातला तो एखादा किलोमीटर नीट समजावा म्हणून वाफेच्या काळातली पद्धत आणि आजची पद्धत इथे एकत्र दिली आहे. कुठलं कधीचं, ते त्या त्या उत्तरात आहे.

१. आजोबा म्हणायचे, "आज लाइट घेऊन गेलो." लाइट इंजिन म्हणजे हलकं इंजिन का?

नाही. मागे डबे किंवा वाघिणी नसलेलं इंजिन म्हणजे लाइट इंजिन. वजनाशी त्याचा संबंध नाही. मालगाडीचं डब्ल्यूएजी-७ हे विजेचं इंजिन एकटं असलं तरी १२३ टनांचं असतं. दोन-तीन इंजिनं एकमेकांना जोडून निघाली आणि मागे डबा नसला, तरी त्या जोडीलाही लाइट इंजिनच म्हणतात.

२. शेडची हद्द कुठे संपते आणि यार्डाची कुठे सुरू होते?

लोको शेडच्या तोंडाशी, ट्रॅफिक यार्डाला (गाड्या जोडण्या-सोडण्याच्या रुळांना) लागून, एक ठरलेली जागा असते. बोलताना तिला लोको गेट म्हणतात. आतल्या बाजूला शेडच्या माणसांचा हुकूम चालतो. सांधे (इंजिन एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड) बहुतेक हाताने फिरवायचे असतात, आणि खाली उतरून झेंडी किंवा दिवा दाखवणारा माणूस हाच सिग्नल. गेटच्या बाहेर स्टेशन मास्तरची किंवा सिग्नल केबिनची परवानगी लागते. तिथे इंजिन शंट सिग्नलवर (यार्डातल्या हालचालींच्या छोट्या सिग्नलवर) चालतं, आणि सिग्नल नसेल किंवा बिघडला असेल तर लेखी हुकमावर. या हुकमाचा फॉर्म टी/८०६, आणि जुनी माणसं आजही त्याला आकड्यानेच ओळखतात. गेटवर आलेलं इंजिन बाहेर पडायला तयार आहे हे ड्रायव्हर एक छोटी शिट्टी देऊन कळवतो. परत शेडमध्ये जायचं असलं तरी तीच शिट्टी.

'शेड आउट'ची वेळ याच गेटवर नोंदवली जाते. गाडीला उशीर झाला तर तो शेडचा की ट्रॅफिकचा, हा वाद तिथल्या नोंदीवर सुटतो.

३. भुसावळलाच एवढी मोठी शेड का झाली?

मुंबईकडून आलेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची लाइन इथे फुटते. एक फाटा नागपूरकडे जातो आणि दुसरा खंडवा-इटारसीकडे. नागपूरपर्यंतचा मार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. जबलपूरकडच्या मार्गाने कलकत्त्याशी सांधा जुळला तो १८७० मध्ये. वाफेचं इंजिन एका दमात फार लांब जात नसे. पाणी संपायचं आणि भट्टीत राख-खडा साचायचा, म्हणून ठराविक अंतरावर इंजिन बदलावंच लागे. तीन दिशांच्या गाड्या जिथे येतात तिथेच इंजिनांचं घर बांधणं सोयीचं होतं. पुढे विजेची इंजिनं आली तेव्हा त्यांचीही शेड इथेच झाली, आणि विजेच्या इंजिनांची मोठी दुरुस्ती करणारा कारखानाही इथेच आहे.

४. गाडी आली, इंजिन सुटलं आणि शेडकडे गेलं. मधल्या पाच-दहा मिनिटांत नेमकं काय होतं?

पहिलं काम गाडी जागेवर बांधण्याचं. ड्रायव्हर आधी गाडीचा ब्रेक पूर्ण लावतो, म्हणजे ब्रेक पाइपमधली, चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाची हवा काढून टाकतो. मगच पॉइंट्समन (सांधे फिरवणारा आणि डबे जोडणारा-सोडणारा माणूस) इंजिन आणि डब्याच्या मधे उतरतो. ब्रेक पाइप आणि फीड पाइप (हा ६ किलोचा) यांचे अँगल कॉक (टोकाच्या तोट्या) तो दोन्ही बाजूंनी बंद करतो, होज (रबरी नळ्या) वेगळे करून आपापल्या हुकाला अडकवतो, आणि मग कपलिंग सोडतो.

क्रम चुकला तर काय होतं ते नीट समजून घ्या. ब्रेक न लावता, पाइपमध्ये ५ किलो हवा असतानाच कॉक बंद केले तर ती हवा डब्यांत कोंडली जाते आणि डब्यांचे ब्रेक मोकळेच राहतात. इंजिन निघून जातं आणि उतारावर उभे असलेले डबे सावकाश चालू लागतात. म्हणून गार्डाकडचा हँडब्रेक किंवा चाकाखाली गुटके लागल्याशिवाय इंजिन सोडू नये, असा नियम आहे.

वाफेच्या काळात दाबाच्या हवेऐवजी व्हॅक्यूम, म्हणजे हवा काढून केलेली पोकळी, असे. होज सुटला की तो इंजिनाच्या डमी प्लगवर घट्ट बसवावा लागे. तसा बसवला नाही तर उघड्या तोंडातून हवा आत जायची आणि व्हॅक्यूम तयारच व्हायचा नाही. लाइट निघताना हा प्लग विसरणं ही नेहमीची चूक होती.

यानंतर पॉइंट्समन मधून बाहेर येऊन इंजिनापासून दूर उभा राहतो. तो दिसल्याशिवाय आणि त्याची हिरवी झेंडी मिळाल्याशिवाय इंजिन हलवायचं नाही.

५. वाफेचं इंजिन शेडमध्ये आल्यावर कोणत्या क्रमाने फिरायचं?

कोळसा, राख, पाणी, टर्नटेबल आणि शेवटी शेडमधली जागा. शेडची मांडणी जशी, तसा यातला क्रम थोडा इकडे-तिकडे व्हायचा. एक गोष्ट मात्र कुठेच बदलत नसे. भट्टी रिकामी करण्याआधी बॉयलर पाण्याने भरून घ्यायचा.

कारण साधं आहे. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर वाफेवरच चालतो. आधी आग पाडली तर दाब उतरत जातो, इंजेक्टर नीट धरत नाही, आणि आग नसलेल्या तापलेल्या बॉयलरात थंड पाणी गेलं तर नळ्या गळू लागतात. दुसरं कारण इंजिन हलवण्याचं. राखेच्या खड्ड्यापासून टर्नटेबल आणि शेडपर्यंत इंजिनाला स्वतःच्या उरलेल्या वाफेवर जायचं असतं. डब्ल्यूपी (प्रवासी गाडीचं) आणि डब्ल्यूजी (मालगाडीचं) या वाफेच्या इंजिनांचा पूर्ण दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १४.८ किलो. एकट्या इंजिनाला सरकायला त्याच्या बऱ्याच खालचा दाबही पुरतो. पण भरलेला गरम बॉयलर असेल तरच तो दाब तेवढा वेळ टिकतो.

म्हणून हुशार फायरमन शेवटच्या काही मैलांत फावडं आवरतं घ्यायचा. खड्ड्यावर येईपर्यंत आग पातळ झालेली असे आणि पाण्याच्या काचेत पातळी वर असे. आग दाट ठेवून आलेलं इंजिन खड्ड्यावर तास-तास अडायचं आणि मागची इंजिनं यार्डापर्यंत तुंबायची.

खड्ड्यावर तीन ठिकाणी सफाई होते. भट्टीची जाळी, तिच्याखालचं ॲशपॅन (राखेचं भांडं), आणि पुढचा स्मोकबॉक्स (धुराची पेटी). स्मोकबॉक्सच्या तळाशी काळा भुसा साचतो. तो काढून दार पुन्हा घट्ट कसायचं. फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, भुसा तिथेच पेटतो आणि दार लाल होऊन वाकतं. खाली पडलेल्या निखाऱ्यांवर लगेच पाणी मारायचं. ढीग पेटता ठेवून पुढे गेलं तर पुढचं इंजिन त्यावर येऊन उभं राहतं.

६. एवढं अवजड इंजिन दोन-चार माणसं हाताने कशी फिरवत?

तोल साधून. टर्नटेबल म्हणजे मधोमध खुंटावर टेकलेला लोखंडी पूल. इंजिनाचा गुरुत्वमध्य बरोबर खुंटावर आला की पुलाची दोन्ही टोकं कडेच्या रुळावरून किंचित उचलली जातात आणि सगळा भार खुंटावर येतो. मग दांड्याला खांदा लावून तो फिरवता येतो. तोल चुकला तर एक टोक रुळावर दाबून बसतं आणि आठ माणसं लावली तरी हलत नाही.

अवघड भाग टेंडरचा, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याचा. डब्ल्यूजीच्या टेंडरमध्ये १८ टन कोळसा आणि २५,००० लिटर पाणी मावतं. म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या टेंडरमध्ये जवळपास ४३ टनांचा फरक. टेंडर भरलेलं असेल तर इंजिन थोडं पुढे उभं करावं लागतं आणि रिकामं असेल तर थोडं मागे.  शंटर, म्हणजे शेड-यार्डात इंजिन हलवणारा ड्रायव्हर, नजर पुलाच्या टोकावर ठेवतो. टोक दबलेलं दिसलं की तो रेग्युलेटरला (वाफ सोडणाऱ्या दांड्याला) हलका स्पर्श करून इंजिन इंचभर सरकवतो आणि पुन्हा पाहतो. चाकाच्या जागेची खडूची खूण पुलावर असली, तरी ती एकाच भरणीला खरी ठरते.

फिरवण्याआधी टेंडरचा हँडब्रेक आवळायचा. फिरवून झालं की कुलपाचा खिळा बसल्याशिवाय इंजिन हलवायचं नाही. खिळा बसला नाही तर इंजिनाच्या वजनाने पूल बाजूला सरकतो, रूळ जुळत नाहीत आणि पुढचं चाक खड्ड्यात उतरतं. टेबल दुसऱ्या रुळाकडे वळलेलं असताना इंजिन आणणं ही याहून मोठी चूक, कारण मग सबंध इंजिन खड्ड्यात जातं आणि क्रेन येईपर्यंत शेडची सगळी इंजिनं आतच अडकतात.

७. इंजिन फिरवायची गरजच काय होती? उलटं चालत नव्हतं का?

चालायचं. पण टेंडर पुढे असलं की रूळ आणि सिग्नल नीट दिसत नाहीत, कोळशाची भुकटी डोळ्यांत जाते, आणि म्हणून वेग कमी ठेवावा लागतो. टर्नटेबल नसेल तिथे तीन सांध्यांच्या त्रिकोणावरून पुढे-मागे जाऊन इंजिन फिरवत. आजच्या डब्ल्यूएपी-४, डब्ल्यूएजी-७, डब्ल्यूएजी-९ यांना दोन्ही टोकांना केबिन आहे. ड्रायव्हर चालत दुसऱ्या टोकाला जातो, तेवढंच.

८. शेडमधून निघताना वाफेचं इंजिन दोन्ही बाजूंनी फसफस वाफ का सोडायचं?

सिलिंडर थंड असतात. पहिली वाफ आत गेली की तिचं पाणी होतं, आणि पाणी दाबलं जात नाही. पिस्टन पुढे आला आणि समोर पाणी अडलं तर सिलिंडरचं झाकण फुटतं किंवा पिस्टनचा दांडा वाकतो. म्हणून निघताना सिलिंडर कॉक उघडे ठेवायचे, रेग्युलेटर अगदी थोडा उघडायचा आणि चाकांचे काही फेरे सावकाश होऊ द्यायचे. पांढरी ओली वाफ जाऊन कोरडी, निळसर वाफ दिसू लागली की कॉक बंद.

थंड बॉयलर पेटवून वाफ भरायला सहा ते आठ तास लागतात. घाई केली तर पत्रा एकीकडे तापतो, दुसरीकडे थंड राहतो आणि सांधे गळतात. आणखी एक अडचण असते. दाब कमी असताना वाफेचा ब्रेकही कमकुवत असतो. अशा इंजिनावर टेंडरच्या हँडब्रेकशी एक माणूस उभा केल्याशिवाय ते हलवू नये.

९. उभं असलेलं इंजिन आपोआप चालू लागलं, असं ऐकलंय. खरं असतं का?

खरं असतं, आणि त्याला कारण असतं. रेग्युलेटरचा व्हॉल्व्ह झिजला की बंद असूनही थोडी वाफ झिरपत राहते. ती सिलिंडरमध्ये साचते, आणि अर्ध्या-पाऊण तासाने माणूस जवळ नसताना इंजिन सरकतं. म्हणून इंजिन सोडून जाताना चार गोष्टी करायच्या. रेग्युलेटर बंद, रिव्हर्सर (दिशा बदलायचा दांडा) मध्यावर, सिलिंडर कॉक उघडे (साचलेली वाफ बाहेर जावी म्हणून), आणि हँडब्रेकसोबत चाकाखाली लाकडी गुटके. विजेच्या इंजिनाला वाफेचा प्रश्न नाही, पण हवा हळूहळू गळून ब्रेक सुटू शकतो. म्हणून गुटके तिथेही लागतात.

१०. इंजिनाखाली फिटर काम करत असेल आणि कुणी इंजिन हलवलं तर?

या शक्यतेसाठीच तर एवढी शिस्त आहे. खाली उतरणारा माणूस इंजिनाच्या दोन्ही टोकांना लाल पाटी किंवा लाल झेंडी लावतो, आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची असते. दुसऱ्याने काढली तर खाली अजून कुणी आहे का, हे सांगणारं कुणी उरत नाही.

हलवण्याआधी शंटरने दोन्ही बाजूंनी फेरी मारायची, खड्ड्यात वाकून बघायचं, मोठ्याने हाक द्यायची, शिट्टी द्यायची आणि क्षणभर थांबायचं. गुटके सगळ्यात शेवटी काढायचे, तेही ब्रेक धरतोय हे तपासल्यावर. एकाच रुळावर तीन इंजिनं एकमेकांना टेकून उभी असतील तर फेरी तिन्हींभोवती मारावी लागते. पहिल्याला लागलेला धक्का तिसऱ्याखालच्या माणसापर्यंत पोचतो.

११. वेग किती ठेवायचा?

शंटिंगमध्ये (यार्डात इंजिन-डबे हलवताना) कमाल ताशी १५ किलोमीटर. स्फोटकांच्या किंवा धोकादायक मालाच्या वाघिणी हलवताना ८. वरणगाव-भुसावळ भागात आयुध निर्माणी असल्याने हा दुसरा आकडा इकडे लक्षात ठेवावा लागतो. शेडच्या आत माणसाच्या चालीने.

१२. हजारो टनांची मालगाडी थांबते, मग एकट्या इंजिनाला थांबवण्यात अवघड काय?

गाडीत प्रत्येक डब्याचा ब्रेक लागतो. एकटं इंजिन फक्त स्वतःच्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर थांबतं. शेडच्या रुळांवर तेल, ग्रीस आणि धूळ यांचा थर असतो. उन्हाळाभर बसलेल्या त्या थरावर मृगाची पहिली सर पडली की त्याचा साबण होतो. जोरात ब्रेक लावला की चाक फिरायचं थांबतं आणि इंजिन घसरत राहतं. घसरलेल्या चाकाला सपाट चट्टा पडतो आणि पुढे ते चाक दर फेऱ्याला रुळावर आपटतं. अशा वेळी ब्रेक लवकर पण हलका लावायचा, आणि लागली तरच वाळू. वाळूचा दुसरा तोटा प्रश्न १६ मध्ये आहे.

१३. शेडच्या आत ओव्हरहेड वायर नसते. मग विजेचं इंजिन आत कसं जातं?

जिथे छतावर चढून काम होतं तिथे वायर नसते किंवा ती बंद करून जमिनीला जोडलेली असते. २५,००० व्होल्टच्या चालू वायरच्या २ मीटरच्या आत माणसाने जायचं नसतं, आणि इंजिनाच्या छतावर उभा माणूस त्या अंतरात येतोच. म्हणून वायर संपण्याआधी इंजिन थांबवतात, पॅन्टो (वायरमधून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) खाली घेतात आणि डिझेल शंटर (शंटिंगचं डिझेल इंजिन) मागून लावून ते आत ढकलतात.

बाहेर काढताना बऱ्याचदा बॅटरी अडवते. इंजिन बरेच दिवस उभं राहिलं की हवेच्या टाक्या रिकाम्या होतात. पॅन्टो हवेवर वर जातो, म्हणून ११० व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आधी थोडी हवा भरतो. कुणी दिवे चालू ठेवून बॅटरी उतरवली असेल तर हा कॉम्प्रेसर फिरत नाही, पॅन्टो उठत नाही, आणि डोक्यावर वायर असूनही इंजिन जागचं हलत नाही.

१४. दोन पॅन्टो असतात, मग एकच का वर करतात?

नेहमीच्या पद्धतीत चालण्याच्या दिशेने मागचा पॅन्टो वर असतो. तो तुटला तर त्याचे तुकडे पुढच्यावर आपटत नाहीत. शेडच्या तोंडाशी याहून गंभीर कारण आहे. चालू आणि बंद वायरच्या मधे सेक्शन इन्सुलेटर (वीज पलीकडे जाऊ न देणारा तुकडा) असतो. पॅन्टो वर ठेवून इंजिन त्याखालून गेलं तर पॅन्टोची पट्टी दोन्ही वायरींना एकाच वेळी टेकते आणि बंद भागात वीज शिरते. दोन्ही पॅन्टो वर असतील तर ते छतावर आतून जोडलेले असल्याने हा पूल आणखी लांब होतो. त्या क्षणी आत छतावर कुणी असेल तर त्याच्या जिवावर बेततं. म्हणून बंद भागाकडे जाताना पॅन्टो खालीच.

१५. बंद पडलेलं इंजिन ओढून नेताना काय बघायचं?

आधी त्याचा स्वतःचा ब्रेक खरोखर सुटलाय का ते. डब्ल्यूएजी-९ सारख्या इंजिनाचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. हवा नसलेल्या इंजिनात तो लागलेलाच असतो आणि खाली बोगीजवळ (चाकांच्या सांगाड्याजवळ) जाऊन हाताने सोडवावा लागतो. केबिनमधला दिवा बघून समाधान मानू नका. ठोकळा आणि चाक यांत फट दिसते का, ते वाकून पाहा. भुसावळच्या वैशाखात, पारा ४५ च्या पुढे असताना, तापलेल्या लोखंडाशी हे काम नकोसं होतं आणि नेमकं तेव्हाच ते टाळलं जातं. ब्रेक लागलेल्या अवस्थेत इंजिन ओढलं की चाकं घासत जातात आणि प्रश्न १२ मधला चट्टा पडतो.

दुसरं म्हणजे, बंद इंजिनाला ब्रेक पाइप जोडलेला नसेल किंवा त्याचे कॉक योग्य स्थितीत नसतील तर ते ब्रेक मारायला मदत करत नाही, उलट ढकलतं. १२३ टनांचं इंजिन त्याच वजनाच्या बंद इंजिनाला नेत असेल तर एकाच्या ब्रेकवर दोघांना थांबायचं असतं.

वाफेचं बंद इंजिन थोडं सरकवायचं असेल तर सिलिंडरमध्ये तेल सोडून कॉक उघडे ठेवत. लांब न्यायचं असेल तर कनेक्टिंग रॉड काढूनच. कोरडा पिस्टन मैलोन्‌मैल घासला तर सिलिंडर ओरबाडला जातो.

१६. इंजिन रुळावर उभं आहे, पण सिग्नल केबिनच्या पॅनेलवर लाइन मोकळी दिसते. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. ट्रॅक सर्किट असलेल्या लाइनवर चाक आणि अक्ष दोन रुळांना विजेने जोडतात, तेव्हाच केबिनला लाइन भरलेली दिसते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या सायडिंगवर (बाजूच्या लाइनवर) गंज असतो आणि चाकाखाली वाळू पडलेली असू शकते. दोन्हींमुळे हा जोड तुटतो. लांब गाडीला अनेक चाकं असतात, त्यातलं एखादं तरी जोड करतंच. एकट्या इंजिनाला ती सोय नाही. म्हणून लाइट इंजिनाने सांध्याजवळ उभं राहताना वाळू टाकू नये, आणि थांबल्यावर केबिनला आपली जागा कळवावी. फाउलिंग मार्कच्या (ज्याच्यापुढे उभं राहिलं तर शेजारच्या लाइनवरच्या गाडीला धक्का लागेल त्या खुणेच्या) आत शेवटचं चाक आलंय ना, हे खाली उतरून बघावं. इंजिनाच्या केबिनमधून ते चाक दिसत नाही.

१७. शंटर इंजिन घेऊन पुढच्या स्टेशनला जाऊ शकतो का? किंवा भुसावळहून जळगावला?

नाही. शंटरची पात्रता शेड आणि यार्डापुरती. स्टेशनची हद्द ओलांडली की एकटं इंजिनही गाडीच ठरतं. पुढच्या स्टेशनची लाइन क्लिअर (लाइन मोकळी असल्याची परवानगी) लागते, स्टार्टर सिग्नल लागतो, मागे रात्री लाल दिवा लागतो आणि मेन लाइनची पात्रता असलेला लोको पायलट लागतो. अंतर २४ किलोमीटर असो की चार, नियम तोच.

१८. धुळ्याला लाइन संपते. तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला कसं जायचं?

चाळीसगावहून आलेली गाडी प्लॅटफॉर्मला लागली की इंजिन प्रश्न ४ प्रमाणे सोडायचं. ते पुढे सांध्यापलीकडे न्यायचं, सांधा फिरवून शेजारच्या मोकळ्या लाइनने उलटं आणायचं, गाडीच्या शेपटापलीकडचा सांधा ओलांडायचा आणि पुन्हा गाडीला लावायचं. अडचण जागेची. पुढच्या सांध्यापासून बफरपर्यंतचं (लाइनच्या शेवटच्या अडथळ्यापर्यंतचं) अंतर इंजिनाच्या लांबीपेक्षा कमी असेल तर हे जमतच नाही. टेंडरसह डब्ल्यूजी सुमारे २४ मीटर लांब. दोन्ही टोकांना केबिन असलेल्या मेमूसारख्या गाडीला हा फेरा लागत नाही.

१९. पाचोरा-जामनेरचं इंजिन दुरुस्तीला भुसावळला रुळांवरून नेता आलं असतं का?

नाही. ती लाइन ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज होती आणि मेन लाइन १,६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज. नॅरोगेजचं इंजिन बाहेर न्यायचं तर ब्रॉडगेजच्या वाघिणीवर चढवावं लागतं. त्यासाठी वाघिणीच्या पृष्ठभागाच्या उंचीला नॅरोगेजचे रूळ आणणारा उतरंडीचा धक्का किंवा क्रेन लागते. वाघिणीवर नॅरोगेज रुळाचे तुकडे बसवलेले असतात. इंजिन चढलं की चाकांना पुढून-मागून गुटके ठोकायचे आणि चारही कोपऱ्यांना साखळ्या ताणायच्या. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून साखळ्या पुन्हा कसायच्या, कारण हादऱ्याने पहिला ताण नेहमीच ढिला होतो.